सारख्या दिसणाऱ्या संकल्पनांना नावे कशी द्यावीत? कर्नेलचा कोड लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोडमध्ये एकमेकींना चिकटून असलेल्या संकल्पना जागोजागी भेटतात : प्रोसेस आणि थ्रेड, पेज आणि फोलिओ, सेमाफोर आणि म्युटेक्स, मोकळी मेमरी आणि उपलब्ध मेमरी. कर्नेलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, नव्याने काम करू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यांकडून आणि अभियंत्यांकडून या नावांविषयी जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उदाहरणे लिनक्सची आहेत, कारण त्याचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो आणि एखादे नाव का बदलले याची नोंदही त्याच्या इतिहासात सापडते.

कोड बरोबर चालत असेल, तर नावावर एवढा खल कशासाठी करायचा?

फंक्शन वापरणारा माणूस दर वेळी ते आतून उघडून वाचत नाही. तो नाव वाचतो, त्यावरून एक समजूत करून घेतो आणि त्या समजुतीवर पुढचा कोड रचतो. समजूत चुकली की चूक त्याच्या कोडमध्ये उतरते, मूळ मात्र नावात असते.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका लहान उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, मी एक टायमर ठेवला होता, जो ठरावीक काळाने उपकरणाची स्थिती वाचून एका स्ट्रक्चरमध्ये नोंदवत असे. हा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे चालू कर्नेलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा म्हणून, होता. मॉड्यूल काढून टाकताना मी ‘डेल_टायमर’ हे फंक्शन वापरले आणि लगेच पुढच्या ओळीत त्या स्ट्रक्चरची मेमरी परत केली. टायमर काढला, आता त्याच्या मेमरीला कोणी हात लावणार नाही, असे मी धरून चाललो. टेबलावरच्या एका कोअरच्या बोर्डावर सारे सुरळीत चालले. चार कोअरच्या बोर्डावर मात्र मॉड्यूल काढता काढता मधूनच यंत्रणा कोसळू लागली. ‘डेल_टायमर’ टायमरला फक्त प्रतीक्षेच्या यादीतून काढत असे. त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर टायमरचे काम सुरू झालेले असेल, तर ते संपेपर्यंत थांबत नसे. थांबणारे फंक्शन ‘डेल_टायमर_सिंक’ हे होते. मला दोन्ही नावे माहीत होती, पण ‘सिंक’ म्हणजे नेमके कशाशी जुळवून घेणे, हे नावावरून कळत नव्हते, आणि साधे नाव सुरक्षित असेल असे मी गृहीत धरले.

लिनक्सच्या ६.२ या आवृत्तीपासून या कुटुंबात ‘टायमर_शटडाउन_सिंक’ हे नाव आले. ते सुरू असलेले काम संपेपर्यंत थांबते आणि त्यानंतर कोणालाही तो टायमर पुन्हा लावू देत नाही. ‘काढणे’ आणि ‘कायमचे मिटवणे’ या दोन गोष्टी त्यामुळे नावातच वेगळ्या झाल्या. हे नाव तेव्हा असते, तर मॉड्यूल काढण्याच्या ठिकाणी मी तेच शोधले असते.

चांगल्या नावाची कसोटी कोणती?

वस्तू काय आहे हे नावाने सांगावे, असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते, आणि एकट्यादुकट्या संकल्पनेपुरते ते ठीक आहे. पण दोन संकल्पना शेजारी शेजारी नांदत असतील, तर नावाने त्यांच्यातील फरक सांगायला हवा. मराठीत ‘परवा’ हा एकच शब्द होऊन गेलेल्या दिवसासाठीही चालतो आणि येणाऱ्या दिवसासाठीही. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांत आपली गफलत होत नाही, कारण क्रियापदाचा काळ शब्दाला सांभाळून घेतो. कोडमधल्या नावाला असे सांभाळून घेणारे कोणी नसते; ते दूरच्या एखाद्या फाइलमध्ये, संदर्भ तुटलेल्या अवस्थेत, एकटेच वाचले जाते.

ही कसोटी लावण्यासाठी एक जवळून पाहण्याजोगे उदाहरण घेऊ. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, मेमरीचा नकाशा ‘एमएम_स्ट्रक्ट’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये असतो आणि त्यात दोन मोजण्या असतात : ‘एमएम_युजर्स’ आणि ‘एमएम_काउंट’. पहिली मोजणी त्या मेमरीचा खराखुरा वापर करणाऱ्यांची असते, म्हणजे मुख्यतः थ्रेडची (प्रोसेसमध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची). ती शून्यावर आली की प्रोसेसची मेमरी मोडून टाकली जाते. दुसरी मोजणी त्या स्ट्रक्चरला धरून ठेवणाऱ्यांची असते, आणि पहिल्या मोजणीतले सगळे मिळून तिच्यात एकच धरले जातात. एखादा कर्नेल थ्रेड (कर्नेलचेच काम करणारा थ्रेड) आधीच्या प्रोसेसचा नकाशा तात्पुरता उसना घेतो, तेव्हा त्या प्रोसेसच्या मेमरीशी त्याला काही देणेघेणे नसते. स्ट्रक्चर जागेवर राहिले म्हणजे त्याला पुरते, म्हणून तो फक्त दुसरी मोजणी वाढवतो.

यांत ‘युजर्स’ हा शब्द बोलका आहे. ‘काउंट’ मात्र मुका आहे, कारण मोजणी तर दोन्हीही आहेत. २०१७ मध्ये, ४.११ या आवृत्तीत, थेट आकडा वाढवण्याऐवजी ‘एमएमगेट’ आणि ‘एमएमग्रॅब’ अशी दोन फंक्शने आली. आकडा उघडपणे वाढवण्यापेक्षा हे नक्कीच बरे, कारण कोणत्या ठिकाणी कोणती मोजणी अभिप्रेत आहे ते आता शोधता येते. तरीही माझे मत असे, की ‘गेट’ आणि ‘ग्रॅब’ यांतील कोणते मेमरी जिवंत ठेवते आणि कोणते फक्त स्ट्रक्चर, हे शब्दांवरून उमगत नाही. ते पाठच करावे लागते.

प्रोसेसचा क्रमांक विचारला, तर कर्नेल वेगळा आणि प्रोग्रॅम वेगळा का सांगतो?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवा माणूस विचारतो. कर्नेलच्या आत प्रत्येक थ्रेडसाठी एक ‘टास्क_स्ट्रक्ट’ असते आणि तिच्यात ‘पीआयडी’ नावाचा क्रमांक असतो, जो खरे तर त्या थ्रेडचा असतो. एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या थ्रेडना सामायिक असणाऱ्या क्रमांकाला आत ‘टीजीआयडी’, म्हणजे थ्रेड-गटाचा क्रमांक, असे म्हणतात. प्रोग्रॅमने ‘गेटपीआयडी’ विचारले की कर्नेल त्याला ‘टीजीआयडी’ देतो. आणि कर्नेल ज्याला ‘पीआयडी’ म्हणतो तो हवा असेल, तर ‘गेटटीआयडी’ विचारावे लागते. एकच शब्द भिंतीच्या अलीकडे एका गोष्टीचा आणि पलीकडे दुसऱ्या गोष्टीचा झाला आहे.

ही अडचण पडद्यावरही दिसते. चालू प्रोसेस दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा चालवून मोठ्या लिपीतले एच हे अक्षर दाबले, की एका ब्राउझरच्या जागी त्याचे अनेक थ्रेड ओळीने दिसू लागतात, प्रत्येकापुढे वेगळा क्रमांक असतो, आणि रकान्याचे शीर्षक मात्र ‘पीआयडी’ हेच राहते.

कारण ऐतिहासिक आहे. सुरुवातीला एका प्रोसेसमध्ये एकच थ्रेड असे, तेव्हा दोन्ही क्रमांक एकच होते आणि एक नाव पुरत होते. संकल्पना दुभंगली, तेव्हा जुने नाव आत एका तुकड्याला आणि बाहेर दुसऱ्याला मिळाले. यातून घेण्यासारखे हे, की एका संकल्पनेच्या दोन होत असतील, तर जुने नाव कोणाकडे ठेवायचे हे दोन्ही बाजूंचे वाचणारे डोळ्यांपुढे ठेवून ठरवावे, आणि शक्य असेल तर ते दोघींनाही देऊ नये.

जुन्याच शब्दाचा अर्थ ताणावा की नवा शब्द आणावा?

शब्दाकडून आधीच तीन-तीन कामे करून घेतली जात असतील, तर नवा शब्द आणावा. ‘फोलिओ’ हे याचे सगळ्यात शिकवणारे उदाहरण आहे.

मेमरीचे लहान एकक म्हणजे पेज, बहुतेक यंत्रांवर ४ केबीचे. प्रत्येक पेजसाठी कर्नेलमध्ये एक ‘स्ट्रक्ट पेज’ असते. पुढे अनेक पेज एकत्र बांधून मोठा तुकडा करण्याची सोय आली, आणि तेव्हापासून ‘पेज’ या एका शब्दाचे तीन अर्थ झाले : सुटे पेज, मोठ्या तुकड्याचे पहिले पेज, किंवा त्याच तुकड्यातले मधले-शेवटचे कोणतेही पेज. फंक्शनच्या हाती ‘पेज’ आले की ते यांतले कोणते, हे त्याला कळत नसे. म्हणून ठिकठिकाणी ‘कंपाउंड_हेड’ने तुकड्याचे डोके शोधून मग काम सुरू करावे लागे, काही फंक्शने हे करत, काही करत नसत, आणि कोणती करतात हे नावात कोठेच लिहिलेले नसे.

कर्नेलचे एक विकासक मॅथ्यू विलकॉक्स यांनी २०२० च्या अखेरीस ‘फोलिओ’ हा वेगळा प्रकार सुचवला. फोलिओ म्हणजे एक किंवा अनेक पेजचा अखंड तुकडा, जो कधीही दुसऱ्या तुकड्याचा शेपटाकडचा भाग नसतो. फंक्शनने फोलिओ मागितला आणि कोणी पेज दिले, तर कंपायलरच ओरडतो. दीर्घ चर्चेनंतर हा प्रकार ५.१६ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, आला. त्या चर्चेत पर्यायी शब्दही पुढे आले आणि ‘फोलिओ’ हा शब्द अनेकांना अपरिचित वाटला. मला मात्र तो अपरिचितपणाच उपयोगी वाटतो. कर्नेलमध्ये तो शब्द आधी कशासाठीही वापरलेला नव्हता, त्यामुळे तो पाहिल्यावर कोणी जुनी समजूत मनात धरून पुढे जात नाही. थांबून अर्थ पाहतो.

मराठी वाचकाला या जोडीचा अंदाज पोथीवरून येईल. पोथी सुट्या पत्रांची असते. एका पत्राला एकच क्रमांक आणि त्याच्या पृष्ठबाजू दोन. छापील पुस्तक आल्यावर आपण ‘पान’ आणि ‘पृष्ठ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरू लागलो, आणि ‘दहा पाने फाटली’ म्हटल्यावर किती कागद गेले हे विचारून घ्यावे लागते. फोलिओ हा मुळात हस्तलिखिताच्या पत्रासाठीचाच शब्द आहे.

‘म्युटेक्स’ आणि ‘सेमाफोर’ यांत एवढा गोंधळ कोठून आला?

सेमाफोर म्हणजे मोजणी ठेवणारी अडवणूक : ठरावीक संख्येइतके जण आत जाऊ शकतात, आणि जाणारा एक व सोडणारा दुसरा असला तरी चालते. म्युटेक्समध्ये एका वेळी एकच जण आत असतो, आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे असते. संकल्पना वेगळ्या आहेत, पण लिनक्समध्ये बराच काळ फक्त सेमाफोरच होता आणि तो बहुतेक वेळा कुलपासारखाच वापरला जात असे. मग सोय म्हणून ‘डिक्लेअर_म्युटेक्स’ नावाचा मॅक्रो (कोडचा संक्षेप) होता, जो प्रत्यक्षात एक सेमाफोर तयार करायचा.

२००६ मध्ये, २.६.१६ या आवृत्तीत, कर्नेलचे विकासक इंगो मोलनार यांच्या कामातून खरा म्युटेक्स आला, आणि तेव्हा नाव आधीच दुसऱ्याने घेऊन ठेवलेले होते. काही वर्षे ‘डिक्लेअर_म्युटेक्स’ सेमाफोर देत असे आणि ‘डिफाइन_म्युटेक्स’ म्युटेक्स देत असे. पहिले नाव पुढे काढून टाकण्यात आले. वस्तू आज जशी वापरली जाते त्यावरून नाव दिले, की खऱ्या हक्कदाराला ते उरत नाही.

घेणे-सोडणे यांच्या जोड्या कशा ठेवाव्यात?

ठरलेल्या जोड्या मोडू नयेत : ‘लॉक’ला ‘अनलॉक’, ‘अलॉक’ला ‘फ्री’, ‘गेट’ला ‘पुट’, ‘रजिस्टर’ला ‘अनरजिस्टर’. ‘गेट’ म्हणजे रेफरन्स (वस्तू वापरात असल्याची नोंद) घेणे आणि ‘पुट’ म्हणजे तो परत जागेवर ठेवणे, हे कर्नेलमध्ये इतके रुळले आहे की तेथे ‘गेट’ आणि ‘रिलीज’ अशी जोडी लावणारा वाचणाऱ्याला उगाच शंकेत पाडतो.

जोडी मुद्दाम मोडल्याचे एक सुंदर उदाहरणही आहे. ड्रायव्हर आपली फंक्शने ‘फाइल_ऑपरेशन्स’ या तक्त्यात देतो. त्यात ‘ओपन’ आहे, पण ‘क्लोज’ नाही. तेथे ‘रिलीज’ आहे. एकदा उघडलेली फाइल ‘फोर्क’मुळे (प्रोसेसची प्रत काढल्यामुळे) किंवा ‘डुप’मुळे (उघडलेल्या फाइलच्या क्रमांकाची प्रत काढल्यामुळे) अनेकांच्या हाती असू शकते, आणि त्यातल्या एकाने ती बंद केली म्हणून उपकरण सोडून द्यायचे नसते. शेवटच्या धारकाने सोडल्यावरच ‘रिलीज’ बोलावले जाते. तेथे ‘क्लोज’ लिहिले असते, तर प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ‘क्लोज’बरोबर ते चालते अशी समजूत प्रत्येक नव्या ड्रायव्हर-लेखकाने करून घेतली असती.

एका अक्षराच्या फरकाची नावे चालतात का?

फरक किरकोळ असेल तर चालतात. फरकामुळे मेमरी बिघडत असेल तर चालू नयेत. ‘एसएनप्रिंटएफ’ आणि ‘एससीएनप्रिंटएफ’ ही जोडी पाहा. आठ बाइटच्या बफरमध्ये (मजकूर ठेवण्याच्या जागेत) बारा अक्षरांची ओळ लिहायला सांगितली, तर दोन्ही फंक्शने सात अक्षरे आणि मजकुराचा शेवट दाखवणारे शून्य लिहितात. पहिले मात्र १२ हा आकडा परत देते, म्हणजे जागा असती तर किती लिहिले असते तो. दुसरे ७ देते, म्हणजे खरोखर किती लिहिले तो. पुढची ओळ कोठून लिहायची हे त्या आकड्यावरून ठरवणारा कोड पहिल्या प्रकारात बफर ओलांडून पुढे जातो. एवढ्या मोठ्या फरकाची खूण एका अक्षरात ठेवणे मला पटत नाही.

मजकूर उतरवणाऱ्या फंक्शनांचीही अशीच रांग आहे. ‘एसटीआरएनसीपीवाय’ शेवटी शून्य राहीलच अशी हमी देत नाही. ‘एसटीआरएलसीपीवाय’ ती देते, पण मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचत सुटते. ‘एसटीआरएससीपीवाय’ २०१५ मध्ये, ४.३ या आवृत्तीत, आले आणि दोन्ही दोष टाळते. मधले फंक्शन २०२४ मध्ये ६.८ मधून काढून टाकले, ही चांगली गोष्ट झाली, कारण तिघांतून एक निवडताना हात चुकण्याची शक्यता तेवढी कमी झाली.

एकच शब्द अनेक अर्थांनी येत असेल तर काय करावे?

‘ॲटॉमिक’ हा शब्द घ्या. ‘ॲटॉमिक_टी’ म्हणजे मध्ये कोणी घुसू शकणार नाही अशा रीतीने बदलणारा आकडा. ‘ॲटॉमिक कॉन्टेक्स्ट’ म्हणजे जेथे झोपण्याची, म्हणजे काम थांबवून वाट पाहत बसण्याची, परवानगी नाही अशी जागा. आणि ‘जीएफपी_ॲटॉमिक’ म्हणजे न झोपता मेमरी मागणे. तसेच ‘इंटरप्टिबल’ म्हटल्यावर हार्डवेअरचा इंटरप्ट आठवतो, पण तेथे अर्थ असतो सिग्नलने (प्रोसेसला पाठवलेल्या सूचनेने) झोपमोड होऊ शकणारा.

असे रुळलेले शब्द बदलणे अवघड असते, पण नवे नाव देताना वस्तू कशी चालते याऐवजी ती कशासाठी आहे हे सांगता येते. रेफरन्स मोजण्यासाठी पूर्वी ‘ॲटॉमिक_टी’च वापरत. २०१७ मध्ये त्यासाठी ‘रेफकाउंट_टी’ हा वेगळा प्रकार आला, आणि मोजणी मर्यादेबाहेर गेली तर तिला तेथेच अडकवून इशारा द्यायचा, हे शक्य झाले. साध्या आकड्याने पुन्हा शून्यावर येणे चूक आहे की नाही, हे कर्नेलला ठरवता येत नव्हते; रेफरन्सच्या मोजणीबाबत ते निःसंशय चूकच असते.

नाव किती लांब असावे?

जेवढ्या दूरवरून ते वाचले जाणार, तेवढे. पाच ओळींच्या लूपमध्ये ‘आय’ पुरतो. सगळीकडून बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला लिनक्सच्या लेखनशैलीचे मार्गदर्शन ‘काउंट_ॲक्टिव्ह_युजर्स’ असे नाव द्यायला सांगते आणि ‘सीएनटीयूएसआर’ असे नाव देऊ नका म्हणते.

चुकलेले नाव नंतर बदलता येते का?

कर्नेलच्या आतले नाव बदलता येते, आणि बदलावे. हजारो ठिकाणचा वापर एकाच नियमाने बदलून देणारे ‘कॉक्सिनेल’सारखे साधन त्यासाठी आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमना दिसणारे नाव मात्र जवळजवळ कायमचे असते. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या सिस्टीम कॉलचे (प्रोग्रॅमने कर्नेलकडे करायच्या मागणीचे) नाव ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर गाळून ठेवले गेले, आणि ते आजही तसेच आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टीम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली ‘सिसवॉव६४’ मध्ये असतात, कारण असंख्य प्रोग्रॅमनी पहिले नाव आपल्या कोडमध्ये लिहून ठेवले होते.

म्हणून बाहेरच्या नावाचा अर्थ बदलू नये, त्याच्या शेजारी नवे नाव ठेवावे. लिनक्सच्या मेमरीच्या तक्त्यात ‘मेमफ्री’ हा आकडा पहिल्यापासून आहे. लोक तो पाहून मेमरी संपत आल्याची तक्रार करत, कारण कर्नेल रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी) वापरून टाकतो आणि गरज पडली की परत देतो. २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीत, ‘मेमअव्हेलेबल’ हा दुसरा आकडा आला, जो नव्या प्रोग्रॅमला अंदाजे किती मेमरी मिळू शकेल ते सांगतो. मोकळी आणि उपलब्ध, असा हा नेमका फरक आहे. मंगल कार्यालयातल्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या तर दोन निघतील; पण पिशव्या ठेवलेल्या खुर्च्याही पाहुणे आले की मोकळ्या करता येतात.

मराठीतून शिकवताना किंवा भाषांतर करताना हे फरक कसे टिकवावेत?

येथे सगळ्यात जास्त काळजी ‘बंद करा’ या शब्दांची घ्यावी लागते. खिडकी बंद करा, संगणक बंद करा, सेवा बंद करा, सूचना बंद करा, फाइल बंद करा : इंग्रजीतली वेगवेगळी क्रियापदे मराठीत एकाच दारातून आत येतात. मेनूमध्ये दोन पर्याय एकाखाली एक असतील आणि दोन्हींवर ‘बंद करा’ लिहिलेले असेल, तर वापरणारा कोणता निवडणार? सेवा तात्पुरती ‘थांबवा’ आणि पुढच्या वेळी आपोआप सुरू होऊ नये म्हणून ‘निष्क्रिय करा’, असे शब्द वाटून दिले, की ‘बंद करा’ खिडकी आणि फाइलीसाठी मोकळा राहतो. एकदा वाटणी केली की ती सगळीकडे तीच ठेवावी. सुंदर पर्यायांपेक्षा एकसारखेपणा येथे मोलाचा आहे.

वर्गात शिकवताना ‘प्रोसेस’, ‘थ्रेड’, ‘पेज’ हे शब्द तसेच ठेवावेत, कारण विद्यार्थ्याला कोडमध्ये तेच दिसणार आहेत. त्यांतला फरक मात्र मराठीत समजावावा.

नाव स्पष्ट आहे की नाही, हे पॅच (कोडमधला बदल) पाठवण्यापूर्वी कसे तपासावे?

आमच्या गटात एक साधी रीत आहे. नव्या फंक्शनचे नाव आणि त्याला लागणारी माहिती, एवढेच कागदावर लिहून शेजारच्या सहकाऱ्याला देतो, आणि त्याने हे काय करते, झोपू शकते का, आणि मेमरी शेवटी कोणाकडे राहते, ही तीन उत्तरे लिहायची. त्याच कुटुंबातले जुने फंक्शनही सोबत लिहितो आणि दोघांत फरक काय असावा हेही विचारतो. या शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला, तर कोडला हात न लावता आधी नाव बदलतो. गेल्या आठवड्यात माझ्याच एका फंक्शनच्या नावातला ‘फास्ट’ हा शब्द असा गेला. तो कशाच्या मानाने वेगवान आहे, असे सहकाऱ्याने विचारले, आणि उत्तर होते की ते लॉक घेत नाही. आता त्याच्या नावात ‘नोलॉक’ आहे.